मदत हवी आहे: शाकाहारी सोम तम दोनदा फसलं

रानजाई
कच्च्या पपईचं सोम तम, ते थाई सॅलड, शाकाहारी करायचंय. दोनदा केलं, दोन्ही वेळा फसलं. नाम प्लाच्या, म्हणजे फिश सॉसच्या, जागी सोया सॉस घातला होता. पहिल्यांदा सगळं काळपट झालं आणि चव गेली चायनीजच्या गाडीवर. दुसऱ्यांदा सॉस कमी केला, तर पपईचा लगदा आणि ताटलीत हे एवढं पाणी. गुरुवारी जेवायला माणसं आहेत. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळे बघून झालेत. नेमकं काय चुकतंय तेवढं सांगा.

पाटावरवंटा
सोया सॉस कोणता? पपई किसली की चिरली? कशात कुटली? मीठ कधी घातलं? एवढं सांगितल्याशिवाय चूक कशी सांगणार!

हडपसरकर
पुण्यात असाल तर कॅम्पात शाकाहारी फिश सॉस मिळतो. ऑनलाइनही येतो, पण गुरुवारपर्यंत यायचा नाही. नाही तर सरळ पनीर टाकून पॅड थाय करा. आमच्याकडे पोरं आवडीने खातात.

देवगडकर
नाम प्ला काढला, कुंग हेंग काढले, मग उरलं काय? कुंग हेंग म्हणजे आपले सोडेच की. सोड्यांशिवाय सोम तम म्हणजे पपईची कोशिंबीर. तीच करा आणि कोशिंबीरच म्हणा.

रानजाई
हडपसरकर, मी बँकॉकला असते, ऑन नुटला. लिहायचं राहिलं. पॅड थायचं मी विचारलेलंच नाही.
देवगडकर, सासूबाई येतायत, त्यांना सोडे वाढू?
पाटावरवंटा: बाटलीवर सगळं थाईत आहे. सॉस घट्ट, काकवीसारखा, जरा गोड. पपई किसणीवर किसली, बारीक भोकांच्या. कुटली दगडी खलात. मीठ लावून दहा मिनिटं ठेवली होती, काकडीसारखी.

पाटावरवंटा
मग सापडलं सगळं.

१) तो सी इव दाम, काळा सोया सॉस. नूडल्सना रंग यावा म्हणून असतो. तुम्हाला हवा सी इव खाव. पातळ, खारट, बाटली उजेडात धरली तर लालसर दिसतो.

२) मीठ लावून ठेवायचंच नाही. काकडीचं पाणी आपण पिळून टाकतो, इथे ते ताटलीतच राहतं. चिरलेली पपई बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, निथळून फडक्यावर कोरडी करा. रस्सा घातला की पाच मिनिटांत पानात.

३) दगडी खल करी पेस्टसाठी. सोम तमचा खल मातीचा, उंच, आणि बत्ता लाकडी. डाव्या हातातल्या डावाने खालून वर करायचं, उजव्या हाताने नुसतं दाबायचं. पपईला जखम व्हायला हवी, पीठ नाही.

किसणीही नको. सोललेली पपई हातात धरून सुरीने उभे घाव घालायचे, मग वरचा थर तासायचा. काड्या कमीजास्त जाड पडतात, कुरकुरीतपणा त्यातच आहे.

आरोग्यम्
कच्ची पपई गरोदर स्त्रियांनी खाऊ नये. तिच्या चिकात पपेन असतं. पाहुण्यांत कोणी असेल तर आधी विचारून घ्या.

रानजाई
सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या आहेत.

चिंचगूळ
नाम प्लाच्या बदल्यात नुसता सी इव खाव पुरत नाही, खारटपणा येतो पण मागची ती मुरलेली चव येत नाही. माझं प्रमाण: दोन वाट्या पपईला दोन मोठे चमचे सी इव खाव, दीड चमचा ताडगूळ, दोन चमचे लिंबू, एक चमचा चिंचेचा कोळ. आणि अर्धा छोटा चमचा ताओ जिआओ, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पिवळी पेस्ट, ठेचून. सोड्यांच्या जागी मी टोफूचे बारीक तुकडे कडकडीत तळून घालते. लसणाच्या पाकळ्या चार.

पाटावरवंटा
+१. फक्त ताडगूळ आधी लिंबात विरघळवा, खडे दाताखाली येतात.

रानजाई
अरे देवा, लसूण. सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, चातुर्मास आहे. अळंबीही नाही.

पाटावरवंटा
हे आता सांगताय! गुरुवारी तर घटस्थापना आहे. उपवास आहे का त्यांचा? असेल तर सोया सॉस बाद, सैंधवावरच करावं लागेल.

रानजाई
उपवास उठता-बसता आहे, पहिल्या दिवशी आणि अष्टमीला. म्हणजे गुरुवारी आहेच की. थांबा, विचारते.

रानजाई
विचारलं. उपवासाचं त्या त्यांचं बघतील, सॅलड शुक्रवारी चालेल.

फाहुरातचा भाऊ
ताई, तुम्ही बँकॉकमध्ये राहून हे इथे विचारताय याचीच गंमत वाटली. खाली उतरा आणि पिवळे झेंडे बघा, लाल अक्षरात 'जे' लिहिलेले. यंदा (२०२४) ३ ऑक्टोबरपासूनच नऊ दिवस 'जे' आहे, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याची प्रतिपदा आणि आपली घटस्थापना एकाच दिवशी आलीय. मागच्या वर्षी दोन्ही १५ ऑक्टोबरला होते. दरवर्षी जुळतंच असं नाही, अधिक मास दोघांकडे वेगवेगळ्या वेळी येतो.

जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, शिवाय लसूण, कांदा, छोटे कांदे, कांद्याची पातही नाही. तुमच्या सासूबाईंचाच नेम. या दिवसांत दुकानात 'नाम प्ला जे'सुद्धा दिसतो. पुढे लिंबू-मिरची बघून घेता येईल, पण हे आता सुटलं तर शोधत बसाल. याओवारातच्या, म्हणजे चायनाटाउनच्या, बाजूला गेलात तर गल्लीभर हेच.

नुसतं 'मांगसाविरात', म्हणजे शाकाहारी, सांगू नका, त्यात अंडं चालतं आणि लसूण तर येतोच. 'किन जे' म्हणा. सोबत 'माइ साइ नाम प्ला, माइ साइ कुंग हेंग, माइ साइ प्ला रा', म्हणजे फिश सॉस, सोडे आणि प्ला रा (आंबवलेले मासे) घालू नका. एरवी गाडीवर घेऊ नका. बाई प्रेमाने सगळं वगळते, पण खल तोच, ज्यात आत्ता कुणाचं तरी प्ला रा कुटून झालेलं असतं. तो वास धुऊन जात नाही.

देवगडकर
म्हणजे मूळ पदार्थाचं वाटोळं करायला थाई लोकांचीही परवानगी आहे तर.

फाहुरातचा भाऊ
मूळ कोणतं धरायचं? ईसानमधलं, थायलंडच्या ईशान्येकडचं, प्ला रा आणि खारवलेले खेकडे घातलेलं, की शेंगदाणे आणि गूळवालं सोम तम थाय? आणि पपई, मिरची, शेंगदाणे, टोमॅटो, सगळं अमेरिकेतून आलेलं. 'सोम' म्हणजे आंबट, 'तम' म्हणजे कुटणं. नावात मासा कुठेच नाही.

देवगडकर
आमच्या बटाटेवड्यातला बटाटाही तिकडचाच. म्हणून वड्यात कोबी घालत नाही कोणी.

हडपसरकर
आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये घालतात.

चिंचगूळ
लसणाऐवजी चिमूटभर हिंग पाण्यात कालवून घाला.

पाटावरवंटा
हिंग घातलात की देवगडकर म्हणतात ती कोशिंबीर झाली. लसूण नुसता वगळा. मिरच्या थोड्या शेंगदाण्यांबरोबर आधी कुटा, पोकळी भरून निघते. चवळीच्या शेंगा घ्याल ना? दोन बोटं लांबीचे तुकडे, ते मात्र जोरात कुटा.

तिरफळ
अवांतर: पपईच्याच मागे का? लाब करा, एरवी खिम्याचं असतं ते थाई सॅलड. अळंबी नको तर घट्ट टोफू चुरून. जीव आहे तो खाव खुआत. चिकट तांदूळ मंद आचेवर कोरडे भाजायचे, भाजणीचा रंग आणि वास येईपर्यंत, मग जाडसर भरड. पुदिना, लिंबू, भाजलेल्या सुक्या मिरचीची पूड. उत्तरेकडच्या लाबमध्ये लिंबू नसतं, माखवेन नावाचं फळ वाटून घालतात, ते आपल्या तिरफळाच्याच कुळातलं. मी पहिल्यांदा हुंगलं तेव्हा आईच्या बांगड्याच्या आमटीची आठवण झाली.

आरोग्यम्
तिरफळाची बी काढून टाकावी, कडू असते.

फाहुरातचा भाऊ
ताई, सोपं हवं असेल तर याम सोम-ओ. सोम-ओ म्हणजे पपनस. इथे बाजारात सोललेलं मिळतं. भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, ताडगूळ-लिंबू-सी इव खाव. तळलेले छोटे कांदे वरून घालतात ते वगळायचे. कुटायचं काही नाही. फक्त फोडी दाबू नका, परत पाणी पाणी कराल. नाम प्रिक पाओ (भाजलेल्या मिरच्यांची चटणी) घालायला कोणी सांगितलं तर बाटली वाचून घ्या, बहुतेकांत कोळंबी असते.

रानजाई
बाटली पुन्हा थाईतच असणार. असो. मातीचा खल आणला, लाकडी बत्त्यासकट. नाम प्ला जे मिळाला, झेंडेवाल्या दुकानात. आज करून बघते.

रानजाई
केलं. यावेळी पाणी नाही, रंग पपईचाच. नवऱ्याने दोनदा घेतलं. मातीच्या खलाची थोडी माती लागतेय दाताला.

पाटावरवंटा
नवा खल आधी तांदूळ कुटून धुवावा लागतो. दोन-तीनदा. विसरले सांगायला.

वाचनमात्र
छान धागा. पुण्यात कच्ची पपई कुठे मिळेल?