पदरमोड की स्वखर्च?

मुक्ता
आरोग्यखर्चावरच्या एका अहवालाचा मराठी अनुवाद तपासते आहे. 'आउट-ऑफ-पॉकेट एक्स्पेंडिचर'ला, म्हणजे उपचारासाठी कुटुंबाने स्वतः मोजलेल्या पैशाला, अनुवादकाने सगळीकडे 'खिशाबाहेरील खर्च' लिहिलंय. वाचताना उलटाच अर्थ लागतो, जणू पैसे दुसऱ्याच कुणी भरले. मला 'पदरमोड' सुचतोय. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात या खर्चाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. माणसं कर्जबाजारी होतात ती याच खर्चापायी. त्याला धड शब्द हवा.

दत्ताराम
'खिशाबाहेरील' काढाच. पण पदरमोडीबद्दल जरा थांबा. शिक्षक स्वतःच्या पैशाने शाळेला खडू-फळा आणतात, ती पदरमोड. खर्च करायचा होता दुसऱ्याने, केला आपण. स्वतःच्या दुखण्यावर स्वतःचे पैसे घातले तर पदरमोड केली असं कुणी म्हणत नाही. तिथे 'स्वखर्च' बरा.

रेवा
दत्ताराम, तुम्ही सांगितलेल्या अर्थामुळेच मला तो शब्द हवासा वाटतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. तरीही औषध शिल्लक नाही म्हणून बाहेरची चिठ्ठी हातात पडली आणि मेडिकलमधून इंजेक्शन आणावं लागलं, तर तो खर्च कुणाचा होता? ही शुद्ध पदरमोडच. आपण होऊन खाजगी दवाखाना निवडला, तर मात्र स्वखर्च म्हणा.

दत्ताराम
हा फरक पटला. पण अहवालातल्या आकड्यात हे दोन्ही खर्च एकत्र मोजलेले असतात, त्यामुळे तिथे दोन्हींना पुरणारा शब्दच लागेल.

लेखापाल
आकड्याची व्याख्याही बघायला हवी. उपचार घेताना कुटुंबाने थेट मोजलेले पैसे तेवढे यात धरतात. खाजगी विम्याचा हप्ता कुटुंबच भरतं, पण तो यात येत नाही, कारण तो आजाराच्या आधी भरलेला असतो. आईला घेऊन जिल्हा रुग्णालयात बसलेल्या मुलाची त्या दिवशीची मजुरी बुडते, तीही यात नाही. बोलीतल्या पदरमोडीत आपण हे सगळं धरू. म्हणून तक्त्यात 'थेट स्वखर्च' लिहावं. रेवाताई म्हणतात तसला प्रसंग मजकुरात आला, तर तिथे 'पदरमोड' खुशाल वापरा.

मुक्ता
'थेट स्वखर्च' चालेल. आता पुढची अडचण. अनुवादकाने 'प्रीमियम' आणि 'कॉन्ट्रिब्यूशन' दोन्हींना 'हप्ता' लिहिलंय.

लेखापाल
ही चूक जास्त गंभीर आहे. खाजगी विम्याचा हप्ता वय आणि आधीचे आजार बघून ठरतो. साठीच्या माणसाला तिशीच्या माणसाहून कितीतरी जास्त. कॉन्ट्रिब्यूशन म्हणजे अंशदान, ते ठरतं पगारावर. कारखान्यात 'ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला' म्हणतात ते अंशदान: पगाराच्या 0.75 टक्के कामगाराचे, 3.25 टक्के मालकाचे. कामगार धडधाकट असो की मधुमेही, टक्का तोच. पहिल्या पद्धतीत आजारी माणूस महागात पडतो, दुसरीत त्याचा भार सगळे मिळून उचलतात. एकाच शब्दात दोन्ही कोंबलं तर वाचकाला हा फरक कधी दिसणारच नाही.

नचिकेत
मी जर्मनीत नोकरी करतो. इथे ही अंशदानाची पद्धत चान्सलर बिस्मार्कच्या 1883 च्या कायद्यापासून चालत आली आहे. तेव्हा दोन तृतीयांश कामगार भरत, एक तृतीयांश मालक. आता मूळ दर 14.6 टक्के, निम्मे-निम्मे. वर थोडा जादा दर असतो. इथली मराठी मंडळी बोलताना 'इन्शुरन्स कापला' म्हणतात. मला 'वर्गणी' जवळचा वाटतो.

दत्ताराम
वर्गणी ऐच्छिक असते हो, निदान असायला हवी. इथे कायद्याने कापतात. 'अंशदान' सरकारी वळणाचा असला तरी पगाराच्या कागदांत रुळलेला आहे, तोच ठेवा.

रेवा
महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला मग काय म्हणायचं? तिथे तर रुग्ण काहीच भरत नाही.

लेखापाल
विमा कंपनीमार्फत योजना चालते तेव्हा हप्ताच असतो, पण भरतं सरकार, म्हणजे कराचा पैसा. रुग्ण रेशनकार्ड घेऊन आरोग्यमित्राकडे, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडे जातो, मंजुरी मिळते, शस्त्रक्रियेचा ठरलेला दर परस्पर रुग्णालयाला पोचतो. रुग्णाच्या हातात पैसा येतच नाही, म्हणून याला 'प्रतिपूर्ती' लिहू नका. सरकारी नोकर आधी बिल भरतो आणि मग कार्यालयाकडून पैसे मिळवतो, ती प्रतिपूर्ती. ज्याच्याकडे आधी भरायला दोन लाख नाहीत, त्याच्यासाठी या दोन शब्दांत फार अंतर आहे.

मुक्ता
अनुवादात दोन्हीकडे 'परतावा' आहे. दुरुस्त करते. 'कॅशलेस'ला 'रोकडरहित' करू का?

दत्ताराम
नको. दवाखान्याच्या खिडकीवर सगळे 'कॅशलेस आहे का?' असंच विचारतात. तेच राहू द्या.