बाहेर खेळून शिकणं: नागपूरच्या मातीत आणि उन्हात काय जमतं?

बालवाडी ते चौथीच्या मुलांसोबत काम करणाऱ्यांनी लिहा. सामान, मापं, वेळ आणि कुठे बिघडतं, तेवढं पुरे.

बालवाडी, नंदनवन
वाळूचा खड्डा जरूर करा. पण आपल्या काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. नुसतं खणून वाळू ओतली तर पहिल्याच पावसात डबकं होतं. उंचवट्याची जागा निवडा. दीड फूट खणा, तळाला चार इंच गिट्टी, त्यावर पाणी झिरपेल असं जाड कापड, मग फूटभर चाळलेली नदीची वाळू. एका बाजूने चर काढा. दगडाची चुरी नको, धूळ उडते. वाळू ओलसर ठेवली की डोळ्यांत जात नाही आणि ढीगही उभा राहतो. रात्री ताडपत्री टाका, नाहीतर मांजरी येतात.

डबे पाव, अर्धा आणि एक लिटरचे द्या. चार पाव ओतून लिटर भरला की अपूर्णांकाचा पाया तिथेच पडतो. मध्येच "किती झाले रे?" विचारू नका, मूल मोजणं सोडून आपल्या तोंडाकडे पाहू लागतं.

प्राथमिक शिक्षक, महाल
बिल्लस पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी उत्तम. घर फूटभराचं आखा. खापराच्या कडा घासून घ्या. त्याहून लहान मुलांना लंगडी जमत नाही, त्यांना दोन्ही पायांनी उडी मारू द्या.

विज्ञान शिक्षिका, धरमपेठ
तिसरी-चौथीसाठी सावली मोजणं. सपाट जागी मीटरभर काठी रोवा, ओळंब्याने सरळ करा. सकाळी सावलीच्या टोकावर खूण करा आणि काठीपासून तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. दुपारनंतर टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तिथे दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य आणि काठी जोडली की उत्तर-दक्षिण मिळते. फक्त सर्वांत आखूड सावली शोधायला गेलात तर चुकाल, कारण माध्यान्हाच्या सुमारास लांबी फार हळू बदलते. इथलं माध्यान्ह फेब्रुवारीत जवळजवळ साडेबाराला होतं. २६ मेच्या आसपास तर सावली काठीच्या पायाशीच येते. तेव्हा पाच मिनिटं पाहून लगेच आत.

क्रीडाशिक्षक, मानेवाडा
एप्रिल-मेमध्ये खेळ सकाळी साडेआठच्या आत संपवा. लोखंडी घसरगुंडीला आधी हाताची पालथी बाजू लावून पाहा. कृत्रिम गवतही तेवढंच तापतं. पावसाळ्यात विटांच्या ढिगाखाली मुलांना हात घालू देऊ नका, विंचू असतात.