अमेरिका तटस्थतेतून दुसऱ्या महायुद्धात कशी ओढली गेली? वाचनाची सुरुवात कुठून करू?

जुनीवही:
मी नववीला इतिहास शिकवते. पुस्तकात हा विषय दोन ओळींत आटपलाय: अमेरिका तटस्थ होती, पर्ल हार्बर या तिच्या नाविक तळावर जपानने हल्ला केला, ती युद्धात उतरली. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, तटस्थ होती तर त्याआधीच ब्रिटनला युद्धनौका कशा दिल्या?" मला धड उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय. मूळ कागदपत्रं वाचायची तयारी आहे. आधी काय वाचू?

पैलतीर:
तटस्थतेच्या कायद्यांपासून सुरू करा, पर्ल हार्बर अगदी शेवटी. १९३५ चा कायदा आणि नोव्हेंबर १९३९ चा कायदा शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात, लढणाऱ्या कुठल्याच देशाला शस्त्रं विकायची नाहीत. दुसऱ्यात विकायची, पण रोख मोजा आणि माल आपल्या जहाजातून न्या. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. समुद्रावर मात्र ब्रिटिश आरमाराचा वचक, त्यामुळे जर्मनीला त्याचा उपयोग शून्य. तटस्थता नावापुरती उरायला तिथूनच सुरुवात झाली, असं माझं मत.

मग सप्टेंबर १९४०: ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला, बदल्यात तळांसाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने जागा. तुमच्या विद्यार्थिनीच्या युद्धनौका त्या ह्याच. पुढे ब्रिटनकडची रोकड आटली आणि मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज कायदा आला, म्हणजे रोख न घेता युद्धसाहित्य उसनं किंवा भाड्याने द्यायचं. दर वेळी लोकांना हेच सांगितलं गेलं, की यामुळे आपण युद्धाबाहेर राहू.

उत्तररात्र:
पैलतीर यांना अनुमोदन. भर एवढीच, की भाषणांपेक्षा मतदानाचे आकडे बघा. १२ ऑगस्ट १९४१ रोजी सक्तीच्या भरतीतल्या जवानांची सेवामुदत वाढवायचं विधेयक प्रतिनिधीगृहात २०३ विरुद्ध २०२ मतांनी तरलं. फ्रान्स पडून वर्ष उलटलं होतं, तरी एका मताचा फरक! मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पान तसंच उघडं ठेवून बराच वेळ बसलो होतो.

आणि कळकळीची विनंती, विरोध करणाऱ्यांना वर्गात मूर्ख ठरवू नका. पहिल्या महायुद्धात एक लाखाहून जास्त अमेरिकन सैनिक गेले होते. शस्त्रकंपन्यांनी त्यात किती नफा कमावला याची सिनेट समितीने १९३४ पासून चौकशी केली होती. ज्या घरातला मुलगा परतला नाही, त्या घराला ते कसं विसरता येईल?

पैलतीर:
पॅसिफिकची बाजू राहिलीच. जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतून यायचं. जुलै १९४१ मध्ये जपानी फौजा दक्षिण इंडोचायनात (आजच्या व्हिएतनाम-कंबोडियाच्या भागात) शिरल्या, अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि तेल बंद झालं. अटलांटिकवर तर ३१ ऑक्टोबरला रूबेन जेम्स ही अमेरिकन विनाशिका जर्मन पाणबुडीने बुडवली, पर्ल हार्बरच्या पाच आठवडे आधी. ८ डिसेंबरचा अमेरिकेचा युद्धाचा ठराव फक्त जपानविरुद्ध होता. ११ तारखेला जर्मनीनेच अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं, हेही मुलांना सांगा.

जुनीवही:
दोघांचेही मनापासून आभार. त्या मुलीला उद्याच दोन्ही कायद्यांचा मराठी सारांश करून देते. शनिवारी वर्गात सेवामुदतीवर मतदान घेणार आहे. फळ्यावर खऱ्या मतदानाच्या आदल्या दिवसाची, ११ ऑगस्ट १९४१ एवढीच तारीख लिहीन, खरा निकाल मुलांची मतं मोजून झाल्यावरच सांगेन.