भिंतीवरची रेघ आणि देशांचं व्याज

अंबाझरीकाठचा
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या तळमजल्यात फ्रीज आडवा तरंगत होता. पाणी गेलं, भिंतीवर कमरेएवढी चिखलाची रेघ राहिली. आता जोतं उंच करायला कर्ज मागितलं. मूल्यांकनाला आलेल्या माणसानं नखानं पोपडा खरवडला, टेपनं रेघ मोजली आणि घराची किंमत उतरवली. वर व्याजही अर्धा टक्का जास्त.

गरीब देशांचं हेच चाललंय. २०१८ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेज आणि सोआसच्या अभ्यासात दिसलं, की हवामानाच्या धोक्यामुळे विकसनशील देशांच्या कर्जाचा व्याजदर सरासरी १.१७ टक्के-बिंदूंनी जास्त पडतो. पाकिस्तानात २०२२ चा पूर आला आणि ऑक्टोबरात मूडीज या पतमापन संस्थेनं देशाची पत खाली आणली. धूर काढला कोणी, भरतंय कोण?

बर्डीचा मुनीम
भाऊ, दुःख समजते. पण त्या माणसाचं चुकलं काय? रेघ खोटी होती काय? पाकिस्तानची परकीय चलनाची गंगाजळी पुराआधीच आटली होती. श्रीलंकेनं एप्रिल २०२२ मध्ये हात वर केले ते करकपातीनं, रासायनिक खतांच्या बंदीनं. आपल्याकडे २०१८ ला केरळ बुडालं, देशाची पत जागची हलली नाही. कारण आपलं सरकार बहुतेक कर्ज घरातच घेते, रुपयात. डॉलरमध्ये उसनवारी करायची अन् पावसाच्या नावानं खडे फोडायचे!

धरमपेठकरीण
श्रीलंकेचं मान्य. कॅरिबियनमधल्या ग्रेनेडाचं काय मुनीमजी? २००४ मध्ये आयव्हन वादळानं त्या बेटाचं नुकसान केलं ते वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण दुप्पट. हिशेब कितीही चोख ठेवा, असा दणका कोण सोसेल? पुढे कर्जाची फेररचना करताना त्यांनी रोख्यांत कलमच घातलं, मोठं वादळ आलं की हप्ते लांबणीवर. जुलै २०२४ मध्ये बेरिल आलं आणि ते कलम वापरलंही.

बर्डीचा मुनीम
कलम चांगलं आहे, ताई. फक्त सावकार त्याची किंमत आधीच व्याजात धरते.

संत्रावाला
आपल्या सरकारनं पर्यावरणाच्या कामांसाठी हरित रोखे काढले ना बावा, जानेवारी २०२३ ला ८,००० कोटींचे. व्याजात फायदा किती, तर टक्क्याचा पाच-सहा शतांश! चहाचे पैसे निघाले म्हणायचे.

बर्डीचा मुनीम
अंबाझरीवाले, तुम्ही सांगितलेल्या अभ्यासात हेही आहे, की ज्यांची तयारी चांगली त्यांना हा भुर्दंड कमी. तो भाग गाळलात. आधी तयारी करा, मग व्याजाची तक्रार.

अंबाझरीकाठचा
गाळला, खरंय. पण कर्ज तयारीसाठीच मागतोय ना! जोत्याचा नकाशा घेऊन गेलो होतो.

बर्डीचा मुनीम
मग? पाहिला नाही काय त्यानं?

अंबाझरीकाठचा
पाहिला. म्हणाला, बांधून झालं की या, व्याजाचं बघू.