सासऱ्यांना फ्लूची लस द्यायची आहे, नंतर त्रास होतो का?

त्रिमूर्तीनगरची सून:
आमचे बाबा (सासरे) सत्तरीचे आहेत. शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळीही सुरू आहे. डॉक्टरांनी मृगाच्या आधी फ्लूची लस घ्यायला सांगितली, पण बाबा म्हणून राहिले, "चांगल्या माणसाला टोचून आजारी काहून पाडता?" त्यांच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर कोणाला तरी म्हणे लशीनेच फ्लू झाला. ताप येतो का? दुसऱ्या दिवशी मी सुटी टाकू का?

मानेवाडा_मन्या:
दंड दुखला, बस. घेऊन टाका.

सिस्टर काकू:
ताई, माझी अख्खी नोकरी सुया टोचण्यात गेली, म्हणून जरा लांबण लावते.

बाबांना सांगा, सुईच्या लशीत मेलेला विषाणू असतो, त्याने फ्लू होत नाही. लस लागू व्हायला दोन आठवडे लागतात, तेवढ्यात बाहेरचा फ्लू गाठू शकतो. नाहीतर अड्ड्यावरच्या काकांना साधी सर्दी झाली असेल, तिच्यावर ही लस चालतच नाही. लस घेऊनही एखाद्याला फ्लू होतो, पण न्यूमोनिया होऊन अ‍ॅडमिट व्हायची वेळ येण्याची शक्यता कमी होते. शुगरवाल्यांसाठी खरा मुद्दा तोच.

अन् वेगळी स्वाइन फ्लूची लस शोधत फिरू नका. २०१५ साली आपल्या नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांचे वॉर्ड ज्याने भरले, तो एच१एन१ या नेहमीच्या लशीतच असतो.

आता टोचायचं. पुरुष मंडळी फुल शर्ट घालून येतात, बाही गुंडाळता गुंडाळता कोपराच्या वर अडकते, दंड आवळला जातो आणि सिस्टर बिचारी जागा शोधत बसते. ढगळ हाफ शर्ट घालून न्या. हात मांडीवर सैल सोडायला सांगा, आखडला की जास्त दुखतं. अर्धा मिली औषध असतं, बाबांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत काम झालेलं असेल.

रक्त पातळ करायच्या गोळीचं मात्र टोचायच्या आधी सांगा, नंतर नाही. मनाने बंद करू नका. ती गोळी वॉरफरिन असेल तर शेवटचा आयएनआर रिपोर्ट (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा) सोबत ठेवा. सुई काढल्यावर कापूस दोन मिनिटं तरी घट्ट दाबून धरायचा, चोळायचं नाही. चोळायची सवय सगळ्यांनाच, अन् मग निळं पडलं म्हणून फोन करतात. अंगात ताप असेल तर त्या दिवशी जाऊच नका.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसवा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली, तर तिथल्या तिथे इलाज होतो. असं फार क्वचित होतं. संध्याकाळी दंड जड होईल, थोडी कणकण वाटेल, अंग दुखेल. दोन दिवसांत उतरतं. लागलीच तर पॅरासिटामॉल द्या. ब्रुफेन नको, रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ते भारी पडतं. तीन दिवसांनंतरही ताप राहिला तर लशीच्या नावावर ढकलू नका, दाखवा. सुटीची गरज नाही, संध्याकाळी घरी कोणी असलं म्हणजे झालं.

त्रिमूर्तीनगरची सून:
काकू, वाचून दाखवलं. ब्रुफेनचं मला माहीतच नव्हतं. लस दुकानातून घेऊन आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात टोचली तर चालेल का? आणि नातवालाही द्यायची का, तो चार वर्षांचा आहे.

सिस्टर काकू:
जिथे लस फ्रिजमध्ये असते तिथेच टोचून घ्या. तिला २ ते ८ डिग्री लागतं अन् आपल्याकडे मे महिन्यात स्कूटीची डिक्की म्हणजे तंदूर. आणायचीच असेल तर थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीसोबत, पण बर्फाला चिकटवून नको, गोठली की वाया गेली. खोक्यावरची एक्सपायरी अन् कोणत्या वर्षाची आहे ते बघा, कारण विषाणू बदलतो तशी लसही बदलते, मागच्या वर्षीचं उरलेलं कोणी गळ्यात मारू नये.

नातवाला चालते, सहा महिन्यांपासून पुढे देतात. पहिल्यांदाच घेत असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतील, नऊ वर्षांखालच्या सगळ्यांना तसंच. म्हणजे त्याचा पहिला डोस आधी उरका, बाबांची समजूत नंतर काढा.