छातीत दुखत नसलेल्या रुग्णाचा ईसीजी कॅज्युअल्टीत किती वेळात निघायला हवा?

विक्रोळीकर:
नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री जेवणानंतर त्यांना बेंबीच्या वर जळजळू लागले, मळमळ सुरू झाली आणि पंख्याखाली बसूनही बनियन घामाने भिजून अंगाला चिकटला. छातीत दुखते का, असे मी तीनदा विचारले. तिन्ही वेळा त्यांनी नाही म्हटले. रिक्षाने जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेल्यावर केस पेपरवर ‘ॲसिडिटी, मळमळ’ असे लिहिले गेले आणि आम्हाला बाकावर बसायला सांगितले. अपघाताचे दोन रुग्ण आमच्यानंतर येऊन आधी आत गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ईसीजी निघाला तो ५० मिनिटांनी, आणि त्यात हृदयाच्या खालच्या भागाचा झटका दिसला. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली आणि वडील घरी आले, पण इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे पंपिंग ४० टक्केच आहे. ती ५० मिनिटे वाचली असती तर फरक पडला असता का?

परळची डॉक्टर:
मी आपत्कालीन विभागात काम करते. आपल्या वडिलांच्या बाबतीत नेमके किती नुकसान त्या ५० मिनिटांमुळे झाले, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही, कारण घरी गेलेला वेळही त्यात मिळतो. पण एवढे निश्चित, की हृदयविकाराची शंका असलेल्या रुग्णाचा ईसीजी दारात पाऊल ठेवल्यापासून १० मिनिटांच्या आत निघून तो डॉक्टरांनी पाहिलेला असला पाहिजे, आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात बंद रक्तवाहिनी ९० मिनिटांच्या आत उघडावी, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो आणि मेलेला पुन्हा उगवत नाही.

खरी अडचण ‘शंका’ या शब्दात आहे. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्यात झटका अनेकदा धाप, घाम, मळमळ किंवा जबड्यातील दुखणे म्हणून येतो. खालच्या भागाच्या झटक्यात तर पोटाच्या तक्रारी नेहमीच्याच. ट्रायाजला, म्हणजे कोणाला आधी तपासायचे ते ठरवायला, बसलेल्या व्यक्तीने फक्त ‘छातीत दुखते का’ एवढेच विचारले, तर असा रुग्ण हिरव्या किंवा पिवळ्या, म्हणजे थांबू शकणाऱ्यांच्या गटात जातो आणि तिथेच वेळ निघून जातो. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाला कारण नसताना दरदरून घाम सुटला असेल, तर दुखणे असो वा नसो, आधी ईसीजी, मग केस पेपर, असा माझा स्वतःचा आग्रह आहे. पहिला ईसीजी साधा आला तरी लक्षणे सुरू असतील तर तो १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढावा लागतो.

पंपिंगबद्दल इतक्यात निराश होऊ नका. झटक्यानंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. साधारण तीन महिन्यांनी, औषधे नियमित घेतल्यावर केलेला इकोच खरे चित्र दाखवतो.

निवृत्त परिचारिका:
मी बरीच वर्षे कॅज्युअल्टीत काढली आहेत. नातेवाइकांनी ‘ॲसिडिटी झाली आहे’ असे सांगितले की समोरचा तेच लिहून घेतो. आपण निदान सांगू नये, जे दिसते ते सांगावे: वय, मधुमेह, किती वाजता सुरू झाले, कपडे भिजले एवढा घाम. आणि ‘यांचा ईसीजी आत्ता काढा’ असे स्पष्ट म्हणावे. त्यात कोणाचाही अपमान नाही. मी स्वतः रुग्णाचे मनगट हातात घेत असे, कारण थंड, ओलसर हात पुष्कळदा तोंडाआधी सांगून जातो.

मुलुंडचा वाचक:
जवळच्या रुग्णालयात अँजिओप्लास्टीची सोय नसेल तर काय करावे?

परळची डॉक्टर:
शक्य असेल तर १०८ बोलवावी, कारण वाटेत हृदयाची लय बिघडली तर रिक्षात काहीही करता येत नाही. ज्या रुग्णालयात तातडीने अँजिओप्लास्टी होते तिथपर्यंत पोहोचून रक्तवाहिनी उघडायला १२० मिनिटांपेक्षा जास्त लागणार असतील, आणि रक्तस्रावाचा धोका नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन मग रुग्ण हलवणे योग्य ठरते. संध्याकाळच्या वाहतुकीत मुंबईत हा हिशेब अंतरावर नव्हे, घड्याळावर करावा लागतो. आपल्या घरापासून कुठे २४ तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती खोली) चालते, हे आजच विचारून ठेवा.

विक्रोळीकर:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. ईसीजीच्या पट्टीवर वेळ छापलेली आहे आणि केस पेपरवरही आहे. दोन्हींच्या प्रती जोडून मी रुग्णालयाच्या अधीक्षकांना पत्र लिहिणार आहे. त्यात कोणाला शिक्षा व्हावी अशी मागणी नसेल. ट्रायाजच्या टेबलाशेजारीच ईसीजी मशीन ठेवावे, एवढीच विनंती असेल.