बॅटरीच्या सेलच्या कारखान्यांना सरकारने पैसा द्यावा तो नेमका कशासाठी?

वाचनवेडा
नमस्कार मंडळी. बॅटरी उद्योगाला मिळणाऱ्या सरकारी मदतीबद्दल सध्या वाचतोय आणि जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. अमेरिकेत ए१२३ सिस्टिम्स या बॅटरी कंपनीला २००९ मध्ये सुमारे २५ कोटी डॉलरचं अनुदान मंजूर झालं. २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे वानशिआंग या चिनी समूहाने ती विकत घेतली. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट या बॅटरी कंपनीमागे तर मोठमोठे गुंतवणूकदार होते, तिनेही मार्च २०२५ मध्ये हात टेकले. उलट चीनने सरकारी पाठबळावर असा उद्योग उभा केला की जगातले तीन चतुर्थांशांहून जास्त लिथियम-आयन सेल आज तिथे बनतात. मग पैसा कमी पडतो, की द्यायची पद्धत चुकते? प्रत्यक्ष या कामात असलेल्या कुणी लिहिलं तर फार बरं होईल.

हिशेबी
माझं मत स्पष्ट आहे. २०१० च्या सुमारास बॅटरी पॅक एका किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये सरासरी ११५ डॉलरवर आला. दुसऱ्या कुणीतरी पैसे घालून वस्तू इतकी स्वस्त केली आहे. ती विकत घ्यावी आणि करदात्यांचा पैसा दवाखाने-शाळांकडे वळवावा.

स्लरी
मी सेलच्या कारखान्यात कोटिंग लाईनवर काम करते, त्यामुळे जे रोज बघते त्यावरून लिहिते. प्रतिसाद लांबणार आहे.

आधी एक गल्लत दूर करू. तयार सेल आणून जोडायचे, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बसवायची आणि पेटीत घालायचे, हा पॅकचा कारखाना. तो वर्षभरात उभा राहू शकतो. सेल बनवणं हे निराळंच काम आहे. कॅथोडची (सेलच्या धन टोकाची) पावडर, कार्बन आणि बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) द्रावकात कालवून स्लरी करायची, ती दहा-पंधरा मायक्रॉनच्या अॅल्युमिनियम फॉइलवर पसरायची, वाळवायची, रोलरखाली दाबायची. अॅनोडसाठी (ऋण टोकासाठी) तेच सगळं तांब्याच्या फॉइलवर. थर कडेला जरासा उंच आला तरी दाबताना फॉइल सुरकुतते, कधी फाटते.

आमच्याकडे एकदा हा कडेचा उंचवटा काही केल्या जाईना. यंत्र तेच, पावडरही त्याच पुरवठादाराची. एका जुन्या ऑपरेटरने शोधून काढलं की शिफ्ट बदलताना स्लरी टाकीत जास्त वेळ थांबते आणि तेवढ्यात तिचा घट्टपणा बदलतो. यंत्राच्या मॅन्युअलमध्ये हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

पुढे इलेक्ट्रोलाइट (सेलमधलं द्रावण) भरायची ड्राय रूम. तिथे हवेतली आर्द्रता एक टक्क्याच्या आत ठेवावी लागते. माणसाच्या श्वासातली वाफसुद्धा धरतात, म्हणून आत एका वेळी किती जणांनी जायचं हे ठरलेलं असतं. मग फॉर्मेशन, म्हणजे सेलचं पहिलं, अगदी सावकाश चार्जिंग. मग एजिंग, म्हणजे सेल काही काळ नुसते ठेवून बघणं. आणि त्यानंतर कळतं की सेल चांगला की भंगार! कोटिंगमध्ये आज झालेली चूक कित्येकदा दोन-तीन आठवड्यांनी उघडी पडते आणि तोवर लाईन चालूच असते. सेलच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कच्च्या मालाचा, म्हणून भंगारात गेलेला प्रत्येक रोल थेट खिशातून जातो. नव्या कारखान्याचे पहिले एक-दोन वर्षं पैसे असेच जातात. तिथे टिकेल तोच पुढे सेल विकेल.

आता तुमची उदाहरणं बघा. नॉर्थव्होल्टचा पहिला सेल डिसेंबर २०२१ मध्ये निघाला, पण उत्पादन ठरलेल्या वेगाने वाढलंच नाही. जून २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे दोन अब्ज युरोंची ऑर्डर रद्द केली. पहिली लाईन रुळायच्या आत कॅथोड, रिसायकलिंग, इतर देशांतले कारखाने असं सगळं एकदम हाती घेतलेलं होतं. ए१२३ च्या वेळी विजेवरच्या गाड्याच पुरेशा विकल्या जात नव्हत्या, त्यात २०१२ मध्ये सदोष सेल बदलून द्यायची वेळ आली. दोन्हीकडे कारखाना उभारायला पैसा मिळाला. शिकायच्या काळातला तोटा सोसेल असा भक्कम आधार आणि खात्रीचं गिऱ्हाईक, दोन्ही एकत्र मिळालं नाही.

चीनने गिऱ्हाईक आधी तयार केलं. २००९ पासून विजेवरच्या बस, टॅक्सी, सरकारी गाड्या. २०१५ मध्ये मान्यताप्राप्त बॅटरी उत्पादकांची यादी काढली आणि गाडीवरचं अनुदान त्या यादीशी बांधलं. कोरियन कंपन्या बाहेर राहिल्या. यादी २०१९ मध्ये रद्द झाली, खरेदीवरचं केंद्रीय अनुदान २०२२ च्या अखेरीस संपलं. इतकी वर्षं धीर धरला. शिवाय २०११ ची चिनी बॅटरी कंपनी सीएटीएल कोऱ्या पाटीवर सुरू झालेली नाही. ती एटीएल या जुन्या कंपनीतून निघाली आणि तिथे फोनचे सेल बनवून हात बसलेली माणसं आधीच होती.

हिशेबी, तुमचा मुद्दा मी झटकत नाही. स्वस्त आहे तोवर आयात करणं पटतं. पण २०२३ च्या डिसेंबरपासून चीनमधून ग्राफाइट (अॅनोडचा कच्चा माल) बाहेर न्यायला परवाना लागतो आणि २०२५ मध्ये एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) कॅथोडच्या तंत्रज्ञानावरही निर्बंध आले. एलएफपी मुळात अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या गटाने शोधलं! पेटंटं २०२२ पर्यंत संपलीसुद्धा. कृती सगळ्यांना खुली आहे, ती टनांनी बनवायची हातोटी मात्र एकाच देशात साठली आहे. दुकान एकच उरलं की भाव आज स्वस्त असला तरी आपल्या हातात नसतो.

वाचनवेडा
मनापासून आभार. मग आपली पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेल्या प्रोत्साहनाची योजना, यात कुठे बसते?

स्लरी
मे २०२१ मध्ये मंजूर झालेली योजना, १८,१०० कोटी रुपये, ५० गीगावॉट-तासांचं लक्ष्य. पैसे मिळतात ते सेल बनवून विकल्यावर. दोन वर्षांत २५ टक्के आणि पाच वर्षांत ६० टक्के देशी मूल्यवर्धन व्हावं ही अट. नुसत्या इमारतीला पैसे मिळत नाहीत, हे मला आवडतं. अमेरिकेची २०२२ च्या कायद्यातली सवलतही अशीच, बनवून विकलेल्या सेलवर किलोवॉट-तासाला ३५ डॉलर.

पण भंगाराची पहिली वर्षं कंपनीने एकटीने काढायची, तीही पावडर, ग्राफाइट, सेपरेटर (दोन टोकांमधला पडदा) बहुतेक बाहेरून आणून. त्यात यंत्रं बसवून देणारे परदेशी तंत्रज्ञ व्हिसासाठी खोळंबले. योजना ठरल्या तारखांच्या मागे पडली यात मला नवल वाटत नाही. एक्साइड आणि अमर राजा या बॅटरीत मुरलेल्या कंपन्या लाभार्थ्यांत नाहीत, तरी दोघी सेलचे कारखाने उभारताहेत. निवडीत अनुभवाला जास्त वजन हवं होतं.

हिशेबी
तुमच्या हातात असतं तर पैसा कुठे टाकला असता? एकच जागा सांगा.

स्लरी
सगळ्यांना वापरता येईल अशा पायलट लाईनवर. छोटी, पण खरी: मिक्सिंगपासून फॉर्मेशनपर्यंत, ड्राय रूमसकट. देशी पावडर बनवणाऱ्याने आपला माल तिथे आणून सेलमध्ये चालतो का ते पाहावं आणि आयटीआयच्या मुलांनी सहा महिने तिथे स्लरीत हात घालावेत. आज असा उमेदवार आमच्याकडे आला की पहिल्यांदा कोटर (फॉइलवर थर पसरणारं यंत्र) बघतो तो थेट चालू लाईनवरच, आणि त्याच्या शिकण्याची किंमत भंगाराच्या डब्यात जाते.